बादलीत सहा पाइप उभे केले की पाऊस पडतो का?

मामींचा फोन आला तेव्हा मी ट्यूशनच्या मुलांना लेन्सचे फॉर्म्युले लिहून देत होते. मामी म्हणाल्या, अगं तुझ्या मामांनी माझी गव्हाची बादली रिकामी केली, ती वीस लिटरची पेंटवाली, आणि तिच्यात काय माहीत काय ओतलंय, घरभर असा वास सुटलाय की डोळ्यांतून पाणी येतंय, तू सायन्सवाली ना, ये आणि बघ एकदा. रामबागेतून लोकमान्य नगर काही लांब नाही, स्कूटी काढली आणि गेले. गच्चीवर मामा बनियनवर, तोंडाला गमछा बांधलेला, आणि समोर बादलीतून सहा तांब्याचे पाइप आभाळाकडे तोंड करून उभे, माणसापेक्षा उंच. मला बघून म्हणाले, आलीस? हात नको लावू, गरम आहे अजून.

ऑगस्ट २०२३ ची गोष्ट आहे ही. इंदूरवाल्यांना आठवत असेल, श्रावण असून ऊन असं की कूलर परत काढले होते. नुसतं आपल्याकडेच नाही, अख्ख्या देशात तो १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. मामांची देपालपूरकडे थोडी सोयाबीन आहे, शेंगा भरायच्या टायमाला पाणी नाही, पानं पिवळी. "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणणाऱ्या माळव्यात माणूस रोज सकाळी आभाळाकडे बघून शिव्या घालतोय अशी अवस्था. अशात कोणीतरी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ पाठवला की घरच्या घरी असं यंत्र बनवा, अंगणात ठेवा, चार-सहा दिवसांत हवा साफ होते आणि पाऊस खेचून येतो. मामा रिटायर माणूस, हाताला काम हवंच असतं. सियागंजमधून पाइप आणले, सांवेर रोडच्या एका लेथवाल्याकडून दोन पोती बुरादा आणला, म्हणजे धातू कातताना पडतात ती कुरळी साल, रेझिनचे डबे आणले, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, आणि उज्जैनला महाकालच्या गल्लीतून सहा स्फटिक. आणि बसवलं यंत्र.

तर हे यंत्र म्हणजे नक्की काय, आणि लोक ते का बनवतात, आणि त्याने ढगाला खरंच काही होतं का, हे त्या दिवशी मला मामांना समजावता आलं नव्हतं, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. नंतर वाचलं, बरंच वाचलं. ते इथे लिहितेय, कारण यंदा आणखी दोन ओळखीच्या गच्च्यांवर तश्याच बादल्या दिसल्यात.

सुरुवात होते विल्हेल्म राइख नावाच्या माणसापासून. जन्म १८९७, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातला, व्हिएन्नामध्ये फ्रॉइडच्या हाताखाली तयार झालेला डॉक्टर. ऐरागैरा नव्हता, त्याचं सुरुवातीचं मनाच्या आजारांवरचं काम आजही लोक गंभीरपणे वाचतात. पण पुढे त्याची गाडी वेगळ्याच रुळावर गेली. त्याला वाटायला लागलं की सगळ्या सृष्टीत एक जीवनशक्ती भरून राहिलीय, ती निळसर आहे, हवेत आहे, शरीरात आहे, ढगात आहे, आणि ती यंत्राने गोळा करता येते. तिला त्याने नाव दिलं ऑर्गोन. आपल्याकडे प्राण म्हणतात ना, ऐकायला तसंच काहीसं, आणि म्हणूनच आपल्या लोकांना हे पटकन पटतं असं मला वाटतं. फरक एवढाच की प्राणायाम शिकवणारा कोणी तुम्हाला थर्मामीटर लावून प्राण मोजून दाखवतो म्हणत नाही, राइख म्हणत होता.

१९३९ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि १९४० मध्ये त्याने एक पेटी बनवली, बाहेरून लाकूड, आत पत्रा, मध्ये लोकर आणि लोखंडी तारेचे थर. माणसाने आत बसायचं, ऑर्गोन अंगात जमा होणार. पेटीच्या वरच्या भागातलं तापमान खोलीपेक्षा थोडं जास्त येतं हा त्याचा पुरावा. आणि हा पुरावा घेऊन तो कुठे गेला, तर थेट आइन्स्टाइनकडे! जानेवारी १९४१, प्रिन्स्टन. आइन्स्टाइनने हाकलून नाही दिलं, उलट चांगले काही तास बोलला, मग एक पेटी स्वतःच्या घरी ठेवून थर्मामीटर लावून बघितली. फरक आला खरंच. पण मग त्याच्या असिस्टंटने सांगितलं की अहो, छताजवळची हवा गरम असते, टेबलाखालची थंड, हवा अशी फिरते, फरक त्याचा आहे. आइन्स्टाइनने पेटीशिवाय, नुसत्या टेबलाच्या वर आणि खाली मोजलं, तिथेही फरक आला, आणि फेब्रुवारीत त्याने राइखला पत्र लिहून विषय संपवला. राइखने उलट पंचवीस पानी पत्र पाठवलं, पण गाडी पुढे सरकली नाही.

मला हा प्रसंग फार आवडतो. कारण सगळी गोष्ट यातच आहे: आकडा खोटा नव्हता, फरक खरंच येत होता. चूक ही होती की पेटी नसताना काय येतं ते मोजलंच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे मामांच्या गच्चीवर परत येणार आहे हे.

आता पाऊस. १९५१ मध्ये राइखने त्याच्या पेटीत थोडं रेडियम ठेवून प्रयोग केला, तिथली माणसं आजारी पडली, आणि त्याने ठरवलं की ऑर्गोन बिघडतं, नासतं, आणि ते नासलेलं ऑर्गोन काळ्या ढगांसारखं आभाळात साचतं, त्यानेच दुष्काळ पडतो, वाळवंटं होतात. ते ओढून काढायला त्याने एक तोफेसारखी दिसणारी गाडी बनवली, लांब पोकळ धातूचे पाइप ओळीने लावलेले, त्यांच्या मागून लवचिक नळ्या निघून वाहत्या पाण्यात सोडलेल्या. नाव क्लाउडबस्टर, म्हणजे ढगफोड्या. पाइप ढगावर रोखायचे, ऑर्गोन पाइपातून पाण्यात उतरणार, ढग विरघळणार. आणि पाऊस पाडायचा असेल तर? तर ढगाच्या शेजारी रोखायचे. म्हणजे बघा, ढग गेला तरी यंत्र चाललं, ढग वाढला तरी यंत्र चाललं. कधीच नापास न होणारा विद्यार्थी! अशा विद्यार्थ्याची परीक्षा झालीच नाही असं आम्ही टीचर लोक म्हणतो.

१९५३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात दुष्काळ होता, ब्ल्यूबेरी पिकवणारे शेतकरी हवालदिल, त्यांनी राइखला सांगितलं की पाऊस पाड, पडला तर पैसे देऊ. त्याने सहा जुलैला सकाळी यंत्र चालवलं, आणि त्या रात्री-पहाटे पाऊस पडला, बँगर गावात पाव इंचाच्या आसपास. तिथल्या पेपरात बातमी आली, अंदाजात पाऊस नव्हता असंही छापलं, शेतकऱ्यांनी पैसे दिले. आजपर्यंत जो कोणी हे यंत्र विकतो किंवा शिकवतो तो ही गोष्ट सांगतोच. न सांगितलेला भाग हा की १९५३ मध्ये हवामानाचा पहिला उपग्रहसुद्धा वर गेला नव्हता, तो गेला १९६० मध्ये, त्यामुळे अंदाजात नव्हतं याला फार वजन नाही, अंदाज तेव्हा चुकायचेच. आणि शेतकरी बोलावणार कधी? पंधरा-वीस दिवस कोरडे गेल्यावर ना. कोरडा काळ कधी ना कधी आपला आपण संपतोच, निदान पावसाळी हंगामात आणि पावसाळी मुलखात. तापाच्या तिसऱ्या दिवशी अंगारा लावला आणि चौथ्या दिवशी ताप उतरला, असं आपण घरोघरी बघितलंय.

राइखचा शेवट वाईट झाला. अमेरिकेच्या औषध खात्याने १९५४ मध्ये कोर्टातून त्याच्या पेट्यांवर बंदी आणली, ती मोडली म्हणून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, १९५६ मध्ये त्याच्या पेट्या फोडल्या आणि न्यूयॉर्कच्या भट्टीत त्याची काही टन पुस्तकं जाळली. सरकारने पुस्तकं जाळली, अमेरिकेत, विसाव्या शतकात! नोव्हेंबर १९५७ मध्ये तो जेलमध्येच वारला. मामा म्हणतात, बघ, खरं होतं म्हणून तर दाबलं. मला त्या जाळण्याची लाजच वाटते, पण जाळल्याने पुस्तकातलं खरं ठरत नाही. शेवटच्या वर्षांत तो ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन तेच पाइप उडत्या तबकड्यांवर रोखत होता, हे मामांच्या व्हिडिओत कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता बादली कुठून आली? राइखच्या यंत्रात ना रेझिन होतं ना स्फटिक. रेझिन आणि धातूच्या चुऱ्याच्या मिश्रणाला ऑर्गोनाइट हे नाव १९९० च्या दशकात कार्ल हान्स वेल्झ नावाच्या माणसाने दिलं, आणि २००० च्या आसपास डॉन क्रॉफ्ट नावाच्या अमेरिकन माणसाने त्यात स्फटिक घालून, बादलीत सहा तांब्याचे पाइप उभे करून, चेमबस्टर बनवलं. म्हणजे आकाशात विमानं विषारी रसायनं फवारतात असं मानणाऱ्यांचं, ती रसायनं फोडायचं यंत्र. तेच मामांकडे पोचलं. गंमत अशी की जुने राइखवाले या बादलीवर भयंकर चिडतात, कारण राइखने स्वतः सांगून ठेवलं होतं की पेटीत तांबं-ॲल्युमिनियम वापरू नका, घातक आहे, लोखंडच वापरा. आणि बादलीत काय असतं? तांबं आणि ॲल्युमिनियम. दोन पंथ, दोघांचं एकमेकांशी उलट, आणि दोघांनाही "रिझल्ट" येतात. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा जरा गप्प झाले.

विमानाच्या रेघेबद्दल दोन शब्द, कारण तो प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आठ-दहा किलोमीटर वर हवा उणे चाळीस अंशांच्या आसपास असते. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ तिथे लगेच गोठते, बर्फाचे कण होतात, ती रेघ. थंडीत तोंडातून वाफ दिसते तेच, फक्त मोठ्या प्रमाणात. वरची हवा कोरडी असेल तर रेघ मिनिटभरात पुसली जाते, ओलसर असेल तर तासन् तास पसरत राहते. आणि वरची हवा ओलसर कधी होते? हवामान बदलणार असतं तेव्हा बऱ्याचदा. म्हणून लांब रेघा दिसल्या आणि दुसऱ्या दिवशी आभाळ भरलं असं होतं, आणि माणूस म्हणतो फवारलं. फवारलं नाही हो, दोन्हीचं कारण एकच आहे.

बरं, मग स्फटिकाचं काय? व्हिडिओत सांगतात की रेझिन सुकताना आकसतं, स्फटिक दाबला जातो, दाबल्यावर त्यातून वीज निघते, म्हणून तो कायम चालू राहतो. याच्यात अर्धी गोष्ट खरी आहे, आणि अर्धी खरी गोष्ट पूर्ण खोट्यापेक्षा जास्त त्रास देते. क्वार्ट्झ दाबला की त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार येतो हे खरं, क्वार्ट्झचं घड्याळ याच गुणावर चालतं. गॅसच्या लायटरमध्ये जे खट् करून ठिणगी पडते ना, तिथला स्फटिकासारखा तुकडा वेगळ्या पदार्थाचा असतो पण तत्त्व तेच. आता लायटर दाबून धरून ठेवा. पडत राहते का ठिणगी? नाही. एकदा पडते आणि संपलं, परत हवी तर सोडून परत दाबायला लागतं. दाब बदलला तर वीज, दाब तसाच राहिला तर काही नाही, आलेला भार झिरपून जातो. रेझिनमध्ये चिणलेला स्फटिक म्हणजे कायमचा दाबून धरलेला लायटर. मामींना हे लगेच पटलं, किचनमधून लायटर आणून त्यांनी मामांसमोर दाबून धरला आणि म्हणाल्या, आता पेटवा गॅस!

पण समजा, घटकाभर समजा, की बादलीतून काहीतरी निघतंय. तर मग किती निघायला हवं? इथे मला आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही, मुलं वैतागतात पण तुम्ही वाचा.

पांढरा कापसासारखा साधा ढग घ्या, एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. एका घनमीटरमध्ये साधारण अर्धा ग्रॅम पाणी असतं, ऐकायला काहीच नाही, पण पूर्ण ढगात ते होतं ५०० टन. आपल्या कॉलनीत उन्हाळ्यात येतो तो ५ हजार लिटरचा टँकर, तसे १०० टँकर डोक्यावर तरंगत असतात. आणि हा पाऊस देणारा ढग नव्हे, हा नुसता शोभेचा. आता एक चौरस किलोमीटर जागेवर, राजवाड्याच्या आजूबाजूचा भाग म्हणा, एक सेंटीमीटर पाऊस पडला तर ते होतं १ कोटी लिटर. ती वाफ जेव्हा पाण्यात बदलते तेव्हा उष्णता बाहेर पडते, दर लिटरला सुमारे २५ लाख जूल. गुणाकार करून युनिटमध्ये आणलं की जवळपास ७० लाख युनिट. महिन्याला २०० युनिट वापरणारी ३५ हजार घरं महिनाभर चालतील एवढी. एका सेंटीमीटरसाठी, एका चौरस किलोमीटरमध्ये. ही ताकद सूर्याने समुद्र तापवून भरलेली असते, अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, आणि वाऱ्याने शेकडो किलोमीटर ओढत आणलेली असते. बादलीत बुरादा आहे.

आणखी एक गोष्ट माणूस विसरतो, ढग उभा राहत नाही. पश्चिमेच्या वाऱ्यावर ताशी तीस-चाळीस किलोमीटरने सरकणारा ढग, मामांनी गच्चीवरून त्याच्यावर पाइप रोखला, खाली येऊन चहा घेतला, तोवर तो देवासच्या रस्त्याला लागलेला असतो. आणि छोटे ढग तर आपले आपणच विरतात, दहा-वीस मिनिटांत. खोटं वाटत असेल तर आज दुपारी गच्चीवर पडा, एक छोटा ढग निवडा, आणि त्याच्याकडे नुसती नजर लावून मनात म्हणा "जा". जातो! मी ट्यूशनच्या मुलांकडून करवून घेतलंय, सगळ्यांना दहा मिनिटं सिद्धी प्राप्त झाल्यासारखं वाटलं. मग मी म्हटलं, आता ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं तो बाजूचा ढग कुठाय? तोही गेलेला.

मग खरा कृत्रिम पाऊस असतो तो काय, असं मामांनी विचारलंच. असतो, पण त्याची पहिली अट ही की ढग आधीपासून हवा. ढगातला थेंब इतका बारीक असतो की पावसाचा एक थेंब व्हायला तसे दहा लाख एकत्र यायला लागतात. १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफरने दाखवलं की गारठलेल्या ढगात कोरडा बर्फ टाकला की हिमकण तयार होतात, आणि लगेच बर्नार्ड व्हॉनेगट याने सिल्व्हर आयोडाइड शोधलं, ज्याचा स्फटिक बर्फासारखाच रचलेला असतो म्हणून पाणी त्याला फसून त्याच्यावर गोठतं. आपल्याकडच्या उबदार ढगांत मिठासारखे, पाणी ओढणारे कण सोडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूरकडे विमानं उडवून हाच अभ्यास केला, आणि तिथे योग्य ढग निवडल्यावर काही ठिकाणी पाऊस अठरा टक्क्यांच्या आसपास वाढला असं आलं. अठरा टक्के! विमान, रडार, वर्षानुवर्षं काम करणारे शास्त्रज्ञ, एवढं सगळं लावून. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत आयआयटी कानपूरने प्रदूषण धुवायला प्रयोग केला तर ढगात ओलच १०-१५ टक्के होती, पाऊस पडलाच नाही म्हणायचा. पैसे, विमान, आयआयटी, सगळं होतं, फक्त आभाळापाशीच देण्यासारखं काही नव्हतं.

आणि हे फक्त बादलीवाल्यांचंच आहे असं नाही. हिमाचलमध्ये सफरचंदवाल्यांनी गारा थांबवायला आवाजाच्या तोफा बसवल्यात, महागड्या, गॅसचा स्फोट करून आभाळात धडाम आवाज सोडणाऱ्या, आणि जागतिक हवामान संघटना सांगते की याला शास्त्रीय आधार नाही. भोपाळला २०१९ मध्ये पावसासाठी बेडकांचं लग्न लावलं, मग एवढा पडला की सप्टेंबरमध्ये त्यांचा घटस्फोट केला. त्यात निदान घटस्फोटाची सोय होती. आणि आपल्या आज्या "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दारोदार जायच्या, लिंबाचा पाला बांधून, त्यात कोणाचं नुकसान नव्हतं, उलट धान्य गोळा होऊन सगळे जेवायचे. मला त्याची चीड येत नाही. बादलीची येते, कारण ती सायन्सचा शर्ट घालून येते.

आता नुकसानाचं सांगते, कारण हा भाग सिरियस आहे. मामांनी पूर्ण बादली एकदम ओतली होती. पॉलिस्टर रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते घट्ट होताना तापतं, पातळ थर असेल तर उष्णता निघून जाते, वीस लिटरचा गोळा असेल तर आतच अडकते, मग ते उकळल्यासारखं होतं, धूर येतो, तडे जातात. मामांच्या बादलीचं बूड मऊ पडून एका बाजूला पोट निघालं होतं आणि गच्चीच्या टाइल्सवर गोल डाग पडला तो आजही आहे. तो वास रेझिनमधल्या स्टायरीन नावाच्या रसायनाचा, डोळे आणि फुप्फुस दोन्ही चुरचुरतात, आणि मामांना दम्याचा पंप लागतो! हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. दुसरं, गच्चीवर सगळ्यात उंच उभे तांब्याचे पाइप, जमिनीशी अर्थिंग नाही, म्हणजे हे विजेला आमंत्रण आहे पण तिला जायला वाट नाही. तिसरं, उघड्या पाइपांत पावसाचं पाणी साचतं आणि डासांना तेवढं पुरतं. आणि चौथं, काही लोक याच्या छोट्या वड्या करून नदीत टाकतात, नदी शुद्ध होते म्हणून. नर्मदेत प्लास्टिक आणि धातूचा चुरा टाकून? जिचं पाणी जलूदवरून एवढ्या चढावर उचलून आपल्या नळाला येतं तिच्यात? याच्यावर मी काही बोलत नाही.

तर मग ऑगस्ट २०२३ चं पुढे काय झालं. बादली बसली महिन्याच्या शेवटी. सप्टेंबरच्या मध्यात बंगालच्या उपसागरातून लो प्रेशर सरकत सरकत मध्य प्रदेशच्या पश्चिमेला आलं आणि दोन दिवस जे काही कोसळलं, इंदूरचे रस्ते तुंबले, ओंकारेश्वरला नर्मदेने घाट गिळले, पार खाली भरुचपर्यंत पूर. मामांचा फोन, आवाजात विजय: काय म्हणते तुझी फिजिक्स? मी म्हटलं, मामा, तुम्ही पाडलात ना, मग ओंकारेश्वरच्या दुकानदारांची नुकसानभरपाईपण तुम्हीच द्या. तर म्हणाले, नाही, तेवढा माझा नव्हता, माझा देपालपूरपुरता.

ऑगस्टमध्ये पाऊस का नव्हता त्याचंही कारण होतं. पावसाचा जो पट्टा मध्य भारतावर असतो तो वर हिमालयाच्या पायथ्याला सरकतो, त्याला मान्सूनचा ब्रेक म्हणतात, दरवर्षी थोडाफार येतो, त्या वर्षी लांबला, वरून एल निनोचं वर्ष, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी जास्त तापतं आणि आपला मान्सून बऱ्याचदा कमजोर पडतो ते. पट्टा खाली आला, उपसागरातून लो प्रेशर निघालं, पाऊस आला. बादली असती नसती.

पण मामांना हे सांगून पटणार नव्हतं, म्हणून पुढच्या पावसाळ्यात, २०२४ मध्ये, मी त्यांना आइन्स्टाइनवाली युक्ती सुचवली. पेटी नसताना काय येतं तेही मोजायचं. रोज सकाळी सात वाजता नाणं उडवायचं. छापा आला तर बादली उघडी, काटा आला तर तिरपालाखाली झाकून बांधलेली. पाऊस मोजायचा सरळ उभ्या भिंतींच्या बरणीत, पट्टीने, मिलिमीटरमध्ये, आणि मोजणारा कोण, तर खालच्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा, त्याला नाणं काय पडलं ते सांगायचं नाही, वर बघायलाही जायचं नाही. दोन महिन्यांनी वही उघडायची. एका गच्चीवरचं मोजमाप म्हणजे फार नाही, इंदूरमध्ये विजय नगरला धो धो आणि राजवाड्याला ठणठणीत असं रोजचंच आहे, पण घरच्या घरी यापेक्षा प्रामाणिक काही करता येत नाही. नाणं महत्त्वाचं. नाण्याला आभाळ दिसत नाही.

अकराव्या दिवशी मामी कपडे काढायला गच्चीवर गेल्या तर काट्याचा दिवस असून तिरपाल बाजूला. पश्चिमेला काळंभोर भरून आलेलं. मामा पायरीवर बसलेले, म्हणाले, अगं एवढं भरून आलंय, आज झाकून ठेवलं तर वाया जाईल ना.

मामींनी मला फोन करून हे सांगितलं आणि मी कितीतरी वेळ हसत होते, कारण सगळं उत्तर मामांनीच देऊन टाकलं होतं. पाऊस येणारसं दिसलं की मामा यंत्र उघडतात, आणि मग पाऊस येतो. मेनच्या शेतकऱ्यांनीही कोरडं आभाळ बघूनच राइखला बोलावलं होतं. यंत्र कधी चालवायचं हे शेवटी आभाळच ठरवत होतं.

प्रयोग तिथेच मोडला. मामांनी मान्य केलं असं नाही, ते म्हणतात की स्फटिक चांगल्या क्वालिटीचे नव्हते. पण पाइप आता मधे मधे हिरवे पडलेत, तोंडांना मामींनी डासांसाठी जुन्या ओढणीचे तुकडे बांधलेत, आणि त्यांच्यावर गिलकीचा वेल चढवलाय, चांगल्या हातभर गिलक्या लागतात. वही मात्र चालू आहे. तो मुलगा दहावीत गेला, त्याला वेळ नाही, म्हणून बरणी आता मामाच वाचतात, सकाळी साडेआठला, चष्मा लावून, पट्टी डोळ्याच्या रेषेत धरून. परवा मी पोहे खायला गेले होते तर मला बसू देण्याआधी त्यांनी वही पुढे केली. काल तेवीस मिलिमीटर, म्हणाले, आणि पेपरवाल्यांनी सोळा छापलंय.